सूचर अँकरला हाडाचा प्रतिसाद

सूचर अँकर हे फाटलेला स्नायुरज्जू किंवा अस्थिबंध हाडाला पुन्हा बांधून ठेवण्यासाठी हाडात रोवले जाणारे छोटे उपकरण होय. त्यात टाक्याचा मजबूत धागा ओवलेला असतो. अँकर हाडात अडकून राहतो आणि धागा मऊ ऊतीला हाडाशी घट्ट धरून ठेवतो. खांद्याच्या शस्त्रक्रियांमध्ये, विशेषतः रोटेटर कफची दुरुस्ती आणि वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे स्थिरीकरण यांमध्ये, सूचर अँकरचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

भिंतीत ठोकलेल्या खुंटीशी अँकरची तुलना अनेकदा केली जाते; परंतु ती अर्धीच खरी आहे. भिंत निर्जीव असते, तर हाड ही जिवंत ऊती आहे. अँकर बसवल्याच्या क्षणापासून हाड त्याच्याशी व्यवहार करू लागते. ते काही ठिकाणी झिजते, काही ठिकाणी नव्याने तयार होते, कधी अँकरला घट्ट मिठी मारते, कधी त्याच्याभोवती तंतुमय आवरण घालते, तर कधी तेथे पोकळी निर्माण करते. या सर्व घडामोडींना एकत्रितपणे अँकरला हाडाचा प्रतिसाद असे म्हणतात. हा प्रतिसाद अँकरचे द्रव्य, त्याचा आकार, त्यावर पडणारा ताण, हाडाची गुणवत्ता आणि रुग्णाचे एकंदर आरोग्य यांवर अवलंबून असतो.

खांद्याची रचना

खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचे, म्हणजे भुजास्थीचे, गोलाकार डोके अंसफलकाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या) खोबणीत फिरते. ही खोबण डोक्याच्या मानाने लहान आणि उथळ असते. त्यामुळे खांद्याला शरीरातील इतर कोणत्याही मोठ्या सांध्यापेक्षा अधिक हालचाल करता येते. मात्र त्याच कारणाने तो अस्थिरही असतो. त्याला स्थैर्य देण्याचे काम प्रामुख्याने मऊ ऊती करतात. खोबणीच्या काठावर लॅब्रम नावाची तंतुमय कास्थीची कड असते आणि तिला सांध्याचे अस्थिबंध जोडलेले असतात. भुजास्थीच्या डोक्याभोवती चार स्नायूंच्या स्नायुरज्जूंचे वेष्टन असते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंच्या समूहास रोटेटर कफ म्हणतात. यांपैकी पहिले तीन स्नायू भुजास्थीच्या मोठ्या उंचवट्याला, तर चौथा लहान उंचवट्याला जोडलेला असतो.

अँकर बसवण्याच्या दृष्टीने या दोन जागा परस्परांहून फार वेगळ्या आहेत. लॅब्रमची दुरुस्ती बहुधा तरुण रुग्णांत, खेळताना किंवा अपघातात खांदा निखळल्यानंतर केली जाते. तेथे खोबणीच्या काठाचे हाड तुलनेने घट्ट असते, पण अरुंद असते. रोटेटर कफची फाट मात्र वाढत्या वयाबरोबर अधिक आढळते. भुजास्थीच्या मोठ्या उंचवट्यात वरचे कवच पातळ आणि आतील हाड जाळीदार असते. शिवाय स्नायुरज्जू फाटल्यावर त्या भागावरचा नित्याचा ओढा नाहीसा होतो आणि वापराअभावी तेथील हाड आणखी विरळ होते. अशा रीतीने दुरुस्तीची गरज बहुतेकदा तिथेच पडते, जिथे हाडाची पकड कमकुवत असते.

निरोगी स्थितीत स्नायुरज्जू हाडाला थेट चिकटलेला नसतो. त्या जोडाच्या ठिकाणी एकामागून एक चार थर असतात : स्नायुरज्जू, क्षाररहित तंतुमय कास्थी, क्षारयुक्त तंतुमय कास्थी आणि हाड. मऊ ऊतीपासून कठीण हाडापर्यंतचे हे संक्रमण क्रमाक्रमाने होत असल्यामुळे ताण एका रेषेवर केंद्रित होत नाही. ही रचना एकदा तुटली की प्रौढ शरीर ती जशीच्या तशी पुन्हा उभारू शकत नाही. खांद्याच्या दुरुस्तीतील सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

इतिहास

अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट एमरी कॉडमन यांनी १९०९ मध्ये सुप्रास्पायनेटसच्या फाटलेल्या स्नायुरज्जूची दुरुस्ती केली आणि १९११ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. ब्रिटिश शल्यचिकित्सक आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्यात लॅब्रम व अस्थिबंध खोबणीच्या काठापासून सुटतात, असे दाखवून दिले. ही इजा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्या काळी व त्यानंतरही अनेक दशके हाडात आरपार छिद्रे पाडून त्यांतून धागे ओवले जात आणि हाडाच्याच पुलावर गाठ मारली जात असे. ही पद्धत प्रभावी होती. पण तिच्यासाठी मोठा छेद घ्यावा लागे आणि ठिसूळ हाडात धागा करवतीसारखा हाड कापत जाण्याचा धोका असे. १९८० च्या दशकात धातूचे सूचर अँकर वापरात आले. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांचा प्रसार आणि अँकरचा प्रसार हे दोन्ही एकमेकांस पूरक ठरले. कारण अरुंद नळीतून हाडात रोवता येईल असे साधन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला हवे होते.

परक्या द्रव्याला हाड कसे स्वीकारते, यासंबंधीचे ज्ञान मात्र अन्य क्षेत्रांतून आले. जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडाची अंतर्रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हा नियम मांडला. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमचे उपकरण वापरत असता, ते हाडाशी इतके एकजीव झाले की सहजासहजी निघेना. यातूनच दंतरोपणाचे आधुनिक शास्त्र उदयास आले. हाड आणि रोपण यांच्यामध्ये मऊ ऊतीचा थर न राहता होणाऱ्या अशा थेट सांधणीस अस्थिसंधान म्हणतात. अमेरिकी वैद्यक हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये वोल्फ यांच्या विचाराला अधिक नेमके रूप देणारी ‘मेकॅनोस्टॅट’ ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार ताण एका मर्यादेखाली गेला तर हाड घटते, योग्य पट्ट्यात राहिला तर टिकते आणि त्याहून वाढला तर हाडाची भर पडते. मात्र अतिरेकी ताणाने हाडाला इजा होते.

अँकरचे स्वरूप व रोवण्याची पद्धत

अँकरचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात स्क्रूसारखे आटे असतात व अँकर पिळून बसवला जातो. दुसऱ्या प्रकारात अँकर ठोकून किंवा दाबून बसवतात व त्याच्या कडा हाडात रुततात. तिसरा प्रकार पूर्णपणे धाग्याचा असतो; धाग्याची मऊ नळी हाडाच्या छिद्रात सरकवून खेचली की ती चुरगळून गोळा होते आणि कवचाच्या आतील बाजूस अडकते. रोटेटर कफसाठी सामान्यतः ४.५ ते ५.५ मिलिमीटर व्यासाचे, तर लॅब्रमसाठी सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचे अँकर वापरतात. धाग्याच्या अँकरसाठी त्याहूनही बारीक छिद्र पुरते.

अँकर कोणत्या कोनात रोवावा, याविषयी टेक्सासमधील शल्यचिकित्सक स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार प्रसिद्ध आहे. कुंपणाच्या टोकाचा खांब ताणाने ओढला जाऊ नये म्हणून शेतकरी जमिनीत पुरलेल्या वजनाला तार तिरपी बांधतात. त्याच तत्त्वाने अँकर ओढ्याच्या विरुद्ध दिशेस ४५ अंश किंवा त्याहून कमी कोनात झुकवावा, असे त्यांनी सुचवले. नंतरच्या काही प्रयोगांत आटे असलेला अँकर हाडाच्या पृष्ठभागाशी काटकोनात बसवला तरी पकड कमी होत नाही, उलट काही वेळा ती वाढते, असे आढळले. त्यामुळे कोनाचा नियम सर्व अँकरना सरसकट लागू होत नाही, असे आता मानले जाते.

हाडाच्या प्रतिसादाचे टप्पे

तात्काळ प्रतिसाद. अँकर बसवताच त्याची पकड पूर्णतः यांत्रिक असते. आटे जाळीदार हाडात रुततात, आजूबाजूच्या बारीक अस्थिपट्ट्या दाबल्या जातात आणि त्यांतील काही मोडतात. छिद्र पाडताना उष्णताही निर्माण होते. हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा पोहोचू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून धारदार हत्यार आणि थंड द्रवाचा वापर यांना महत्त्व आहे. छिद्रात रक्त साठून त्याची गुठळी बनते आणि हीच गुठळी पुढील दुरुस्तीची पहिली चौकट ठरते.

दाहाचा टप्पा. पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या रक्तपेशी व भक्षक पेशी त्या जागी येतात. मृत पेशी व हाडाचा चुरा त्या साफ करतात आणि इतर पेशींना बोलावणारी रासायनिक द्रव्ये स्रवतात. हा दाह म्हणजे बिघाड नव्हे. तो बरे होण्याचा आवश्यक आरंभ आहे. तो नेमक्या वेळी शमणे मात्र गरजेचे असते.

झीज व उभारणी. त्यानंतरच्या आठवड्यांत ऑस्टिओक्लास्ट नावाच्या अस्थिभक्षी पेशी इजा झालेले हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या अस्थिजनक पेशी नवे हाड घालतात. येथे एक विरोधाभास दिसतो. जुने हाड काढले गेले आहे, पण नवे अद्याप पुरेसे भरलेले नाही, अशा मधल्या काळात अँकरची यांत्रिक पकड काही काळ कमी होऊ शकते. आरंभी तयार होणारे हाड घाईने विणलेले, अव्यवस्थित तंतूंचे असते.

पुनर्रचना. पुढील अनेक महिन्यांत हे अव्यवस्थित हाड हळूहळू काढून टाकले जाते व त्याच्या जागी थरांचे, ताणाच्या दिशेने रचलेले परिपक्व हाड येते. वोल्फ यांचा नियम येथे प्रत्यक्षात दिसतो.

या सर्व टप्प्यांवर अँकरची सूक्ष्म हालचाल निर्णायक ठरते. अँकर स्थिर असेल तर हाड त्याला थेट येऊन भिडते. तो सतत हलत राहिला तर त्या भेगेत नव्या हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. दंतरोपण व सांधेरोपणांच्या अभ्यासांतून सुमारे १५० मायक्रोमीटरपेक्षा अधिक हालचाल अस्थिसंधानास बाधक मानली जाते. ही लांबी साधारणपणे केसाच्या जाडीपेक्षा जास्त आहे.

द्रव्यानुसार होणारा प्रतिसाद

टायटॅनियम. सुरुवातीचे बहुतेक अँकर धातूचे होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, स्थिर थर असतो आणि त्यामुळे हाड ते सहज स्वीकारते. त्याच्याभोवती पोकळी निर्माण होण्याचे प्रमाण कमी असते. मात्र टायटॅनियमचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर घट्ट हाडाचा साधारणतः १० ते २० गिगापास्कल असतो. इतके ताठर द्रव्य भार स्वतःकडे घेते आणि शेजारच्या हाडाला पुरेसा ताण मिळत नाही. धातूचा अँकर सैल होऊन सांध्यात शिरला किंवा पृष्ठभागावर उंच राहिला तर तो कास्थी खरवडून सांध्याची कायमची हानी करू शकतो. एमआरआय चित्रात तो आसपासचा भाग विकृत दाखवतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास वाटेत येतो. या कारणांमुळे अन्य द्रव्यांचा शोध सुरू झाला.

पीक. पॉलिइथरइथरकीटोन हे विरघळणारे नसलेले बहुवारिक ‘पीक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक ३ ते ४ गिगापास्कल, म्हणजे हाडाच्या जवळपास जाणारा असतो. ते क्ष-किरणांना पारदर्शक असून एमआरआय चित्र बिघडवत नाही. त्याच्यावर शरीराची रासायनिक प्रतिक्रिया अत्यल्प असते; पण त्याच कारणाने हाडही त्याला फारसे चिकटत नाही आणि पुष्कळदा त्याच्याभोवती पातळ तंतुमय आवरण तयार होते. हे टाळण्यासाठी काही अँकरच्या भिंतींना खिडक्या ठेवतात. त्यांतून अस्थिमज्जेच्या पेशी आत शिरतात आणि हाड अँकरच्या पोटात वाढते.

विघटनशील बहुवारिके. अँकरचे काम संपल्यावर तो नाहीसा झाला तर उत्तम, या विचारातून पॉलिग्लायकोलिक आम्ल व पॉलिलॅक्टिक आम्ल यांचे अँकर आले. शरीरातील पाण्याने त्यांच्या लांब साखळ्यांचे तुकडे होतात. या क्रियेस जलापघटन म्हणतात. अखेरीस लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक आम्ल तयार होते व शरीर ते चयापचयात वापरून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या रूपाने बाहेर टाकते. विघटनाच्या वेगात मात्र मोठा फरक असतो. पॉलिग्लायकोलिक आम्लाची ताकद काही आठवड्यांतच ओसरते. त्यामुळे ऊती जुळण्यापूर्वीच अँकर कमजोर होऊ शकतो आणि एकदम मोकळ्या झालेल्या आम्लामुळे दाह व अस्थिक्षय होऊ शकतो. उलट, स्फटिकी स्वरूपाचे पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल अनेक वर्षे टिकून राहते आणि ते विरघळल्यावरही त्या जागी पूर्ण हाड भरेलच असे नसते.

जैवसंमिश्रे. विघटनशील बहुवारिकात बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिअपॅटाइट यांसारखे कॅल्शियमचे क्षार मिसळून जैवसंमिश्र अँकर बनवतात. हाडाचा खनिज भाग याच प्रकारच्या क्षारांचा असल्याने अस्थिजनक पेशींना त्यावर काम करणे सुलभ जाते. हे क्षार विघटनातून निघणाऱ्या आम्लाची तीव्रताही काही अंशी कमी करतात. सुमारे दोन ते तीन वर्षांत अशा अनेक अँकरच्या जागी काही प्रमाणात हाड भरलेले सीटी स्कॅनमध्ये दिसते. तथापि ही भर प्रत्येक रुग्णात सारखी किंवा पूर्ण असत नाही.

धाग्याचे अँकर. यांची छिद्रे बारीक असल्यामुळे हाड कमी खर्ची पडते. अरुंद खोबणीच्या काठावर हा मोठा लाभ आहे. त्यांची पकड मुख्यत्वे हाडाच्या वरच्या कवचावर अवलंबून असते. धाग्याचा गोळा कवचाखाली नीट घट्ट बसला नाही तर तो खालीवर हलत राहतो व छिद्र रुंदावते. कुत्र्यांवरील एका प्रयोगात अशा अँकरभोवती पोकळ्या आढळल्या होत्या. माणसांतही छिद्र रुंदावल्याचे दिसते, परंतु खांद्याच्या कार्यावर त्याचा स्पष्ट दुष्परिणाम बहुतेक अभ्यासांत आढळलेला नाही.

अस्थिक्षय व पुटी

अँकरभोवतीचे हाड नाहीसे होण्याच्या क्रियेस अस्थिक्षय म्हणतात. ती जागा द्रवाने भरली तर तिला पुटी म्हणतात. विघटनातील आम्ल, अँकरची हालचाल, झिजेतून सुटलेले सूक्ष्म कण आणि छिद्रातून आत शिरणारे सांध्यातील द्रव ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. भक्षक पेशी न पचणारे कण गिळतात, पण त्यांना संपवू शकत नाहीत. त्या उत्तेजित होऊन जी रासायनिक द्रव्ये सोडतात, त्यांमुळे अस्थिभक्षी पेशी अधिक सक्रिय होतात.

क्ष-किरण किंवा एमआरआय चित्रात अँकरभोवती काळी कड किंवा पोकळी दिसली, तरी ती शस्त्रक्रिया फसल्याची खूण असतेच असे नाही. अनेक रुग्णांत पोकळी असूनही स्नायुरज्जू जुळलेला असतो आणि खांदा व्यवस्थित चालतो. काही लहान पुटी कालांतराने स्थिर राहतात किंवा भरून येतात. रोटेटर कफच्या विकारात मोठ्या उंचवट्यावर अशा पुटी शस्त्रक्रियेपूर्वीही असू शकतात. मात्र वाढत जाणारी पोकळी, जागचा सरकलेला अँकर, पुन्हा सुरू झालेली वेदना यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. खांद्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस या त्वचेवरील जिवाणूचा मंद संसर्ग होऊ शकतो. त्यात ताप किंवा लालसरपणा नसतानाही अँकर सैल पडू शकतो. म्हणून अस्थिक्षयाचे कारण ठरवताना संसर्गाची शक्यता तपासली जाते.

खोबणीच्या काठावर एका ओळीत अनेक अँकर बसवल्यास आणखी एक धोका संभवतो. टपाल तिकिटांच्या कागदावरील छिद्रांच्या रेषेवर कागद जसा सहज फाटतो, तसे हाड या छिद्रांच्या रेषेवर मोडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. इंग्रजीत या अस्थिभंगाला टपाल तिकिटाचेच नाव आहे. पुन्हा जोरदार मार बसल्यास, विशेषतः मैदानी खेळांत, अशी इजा घडते.

स्नायुरज्जू व हाड यांची सांधणी

अँकर हाडात कितीही घट्ट बसला, तरी खरी सांधणी स्नायुरज्जू आणि हाड यांच्यामध्ये व्हावी लागते. अँकरचा उद्देश ही सांधणी होईपर्यंत दोहोंना एकमेकांस चिकटून ठेवणे एवढाच असतो. आरंभी या फटीत तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनची कमजोर व्रणऊती तयार होते. पुढे तिची जागा पहिल्या प्रकारचे अधिक बळकट कोलॅजन घेते आणि काही तंतू हाडात रुजतात. मूळच्या चार थरांची रचना मात्र परत येत नाही. म्हणजे बरा झालेला जोडही व्रणाचा जोड असतो.

या सांधणीस लागणाऱ्या पेशी व रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात हाडाकडून येतात. म्हणून शल्यचिकित्सक स्नायुरज्जू बसवण्यापूर्वी हाडाचा पृष्ठभाग खरवडून त्यावर रक्त येईल असे करतात आणि काही वेळा त्यात बारीक छिद्रे पाडून अस्थिमज्जेला वाट करून देतात. या अर्थाने हाड केवळ खुंटी रोवण्याची जागा नसून बरे होण्याच्या सामग्रीचे कोठारही आहे.

दुरुस्ती अपयशी ठरते तेव्हा अँकर हाडातून उपटण्यापेक्षा धागा स्नायुरज्जू कापून बाहेर येण्याची घटना अधिक आढळते. ठिसूळ हाडात मात्र अँकर उपटण्याचा धोका वाढतो. पुन्हा फाट पडण्याच्या बहुतेक घटना पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घडतात.

हाडाची गुणवत्ता व वय

वय वाढेल तसे हाड विरळ होते, स्नायुरज्जूचा रक्तपुरवठा घटतो आणि पेशींची उभारणीची क्षमताही मंदावते. फ्रान्समधील पास्कल बुआलो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुर्बिणीद्वारे दुरुस्त केलेल्या सुप्रास्पायनेटसच्या पूर्ण फाटींपैकी ७१ टक्के पूर्णतः जुळलेल्या आढळल्या. मात्र ६५ वर्षांवरील रुग्णांत हे प्रमाण ४३ टक्केच होते. स्नायुरज्जू न जुळलेल्या अनेक रुग्णांनाही वेदनेपासून आराम मिळाला होता, ही बाबही लक्षणीय आहे.

अस्थिसुषिरता, मधुमेह, धूम्रपान आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचा हाडाच्या किंवा स्नायुरज्जूच्या जुळणीवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो. यांपैकी बऱ्याच गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी तपासता व काही अंशी सुधारता येतात. विरळ हाडात शल्यचिकित्सक अधिक व्यासाचा अँकर निवडतात, तो तुलनेने चांगल्या हाडाच्या भागात रोवतात किंवा अस्थिसिमेंटने पकड वाढवतात. काही वेळा हाडात आरपार छिद्रे पाडून धागे ओवण्याच्या जुन्या पद्धतीचाही आधार घेतला जातो.

पुनर्शस्त्रक्रिया

दुरुस्ती फसल्यास नव्या अँकरसाठी चांगले हाड शिल्लक आहे का, हा पहिला प्रश्न असतो. जुना अँकर विरघळून त्या जागी हाड भरले असेल तर काम सोपे होते. ताठर अँकर जागेवर असेल तर त्याला वळसा घालून नवे अँकर बसवावे लागतात, कारण तो काढताना मोठा खड्डा पडतो. पोकळी मोठी असल्यास ती अस्थिकलमाने किंवा कृत्रिम अस्थिद्रव्याने भरली जाते. कधी हे भरलेले हाड रुजल्यानंतर दुसऱ्या टप्प्यात स्नायुरज्जूची दुरुस्ती केली जाते. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेत कमीत कमी हाड खर्ची पडावे, याला महत्त्व दिले जाते.

पुनर्वसनाशी संबंध

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवण्यास सांगितले जाते. त्यानंतर क्रमाक्रमाने हालचाल वाढवतात आणि जोर लावण्याचे व्यायाम बहुधा तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होतात. फाटीचा आकार व हाडाची स्थिती यांनुसार हे वेळापत्रक बदलते. या सूचनांमागे हाडाचे घड्याळ आहे. वेदना पुष्कळदा काही आठवड्यांतच कमी होते, परंतु त्या वेळी जोड अजून कच्च्या व्रणऊतीचा असतो आणि अँकरभोवतीचे हाड पुनर्रचनेच्या मध्यावर असते. दुखत नाही म्हणून बादली उचलणे, फळीवरचा डबा काढणे किंवा बसचा दांडा धरून लोंबकळणे यांतून नेमका याच काळात जोड निसटू शकतो.

याउलट, पूर्ण अचलता दीर्घकाळ ठेवणेही हितकारक नसते. ताणाचा अभाव असल्यास हाड विरळ होते आणि सांधा आखडतो. योग्य वेळी दिलेला योग्य ताण हाडाला व स्नायुरज्जूला आपली रचना सुधारण्याची दिशा देतो. अँकर धरून ठेवतो तो काळ काही महिन्यांचा असतो. त्यानंतर खांद्याचा भार ज्या जोडावर पडतो, तो हाड व स्नायुरज्जू यांनी त्या अवधीत स्वतः घडवलेला असतो.